पहिल्या नंबरचा पोर्ट

आमच्या घरी श्रावणात पोथी लागते. रोज संध्याकाळी एक अध्याय. कोकणातल्या आमच्या मांडवीतली आजूबाजूची घरं येऊन बसतात, बायका वाती वळत ऐकतात, अध्याय संपला की साखरखोबरं घेऊन लोक आपापल्या घरी जातात. या वाचनाचा एकच नियम आहे आणि तो कुणी मोडलेला मी पाहिलेला नाही. वाचणाऱ्यासमोर पोथी उघडी हवी. सगळी पोथी तोंडपाठ असली तरी पाठ म्हणायची नाही. बाबांना निम्म्याहून जास्त पाठ होती, तरी चष्मा सापडल्याशिवाय ते सुरुवात करत नसत, आणि चष्मा बहुतेक वेळा त्यांच्या कपाळावरच असे.

बाबा गेले, आणि पुढचा श्रावण जवळ आला तसा प्रश्न आला, आता वाचणार कोण? ताई म्हणाली, "मी."

ताई माझी मोठी बहीण. विशीत काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले. त्यानंतर ती ब्रेल शिकली, अंध मुलांच्या निवासी शाळेत शिक्षिका झाली, निवृत्तही झाली. घरी आली की बाबांच्या उजव्या हाताला बसून पोथी ऐकायची. ऐकून ऐकून तिला ती बाबांपेक्षाही जास्त पाठ झाली होती. पण तिने नियमातून सूट मागितली नाही. म्हणाली, "पोथी समोर ठेवूनच वाचेन. फक्त ती माझ्या बोटांना वाचता येईल अशी पाहिजे."

हे सगळं काकांसमोर चाललं होतं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, शेजारीच राहतात, आणि बाबांनंतर घरातले मोठे तेच. त्यांनी सुपारी कातरता कातरता निकाल दिला.

"तुला पाठ आहे ते मला ठाऊक नाय काय गो? पण पाठ म्हणणं ते वाचन नव्हे. श्रावण लागायच्या आत तुझी ती ठिपक्यांची पोथी तयार झाली, तर बस पाटावर. नाय झाली, तर मी मोबाईलवर लावतो. चांगले आवाज असतात हो त्या लोकांचे."

मोबाईलवर! बाबांच्या पाटावर मोबाईल टेकवून ठेवणार आणि आम्ही त्याला हात जोडणार. माझं डोकंच फिरलं. मी काहीतरी बोलणार तोच ताईने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, "चालेल काका. श्रावणाच्या आत."

ती असं शांतपणे बोलली की समजावं, आता माघार नाही.

खरं तर सगळं सामान घरातच होतं. माझं डीटीपीचं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, बारशाची कार्डं. तिथे एक जुनं वर्कस्टेशन, म्हणजे दांडगा कॉम्प्युटर आहे. मुंबईच्या एका कंपनीने ऑफिस हलवताना काढून टाकलेलं, ते मी घेतलं. दोन माणसांनी धरून उचलावं असं लोखंडी धूड. पण आतून इतकं ऐसपैस की झाकण काढलं की नीट मांडलेल्या फडताळासारखं दिसतं. त्याच्या शेजारी ठोक्या. ठोक्या म्हणजे ब्रेलचा छापखाना म्हणा. जाड कागदावर एकेक ठिपका ठोकून उठवतो. शाळेने नवीन मशीन घेतलं तेव्हा जुनं ताईला दिलं, आणि नवीन सारखं बिघडायचं म्हणून पुढे अनेक वर्षं शाळेच्या प्रश्नपत्रिका माझ्याच दुकानात ठोकल्या गेल्या. त्याचा आवाज असा की पलीकडच्या आळीत कळायचं, शाळेची परीक्षा जवळ आली.

तेव्हा आमचा हिशेब सोपा होता. मी पोथी टाइप करायची, वर्कस्टेशनवरच्या जुन्या सॉफ्टवेअरने ती ब्रेलमध्ये करायची, ठोक्याने ठोकायची. बाबांची पोथी काकांनी आपल्या देवघरात नेऊन ठेवली होती, आणि ती मागून पुन्हा चार गोष्टी ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. मी बाजारातून त्याच पोथीची नवी प्रत आणली आणि टाइप करायला बसले. निम्मं टाइप झालं असेल, आणि मेअखेरच्या एका दुपारी वीज कडाडली.

समोरच्या माडावर पडली म्हणतात. माडाचं काही झालं नाही. ठोक्याची लांब वायर वर्कस्टेशनच्या पाठीमागे ज्या रुंद पोर्टाला लावलेली असायची, तो पोर्ट जळला. बाकी कॉम्प्युटर धडधाकट, ठोक्या धडधाकट, फक्त दोघांना जोडणारं ते एक दार बंद. घरात सगळे आहेत आणि फक्त उंबऱ्यावरून ये-जा बंद, तसा प्रकार.

"नवीन कॉम्प्युटर घेऊन टाक ना," हे मला त्या महिन्यात इतक्या जणांनी सांगितलं की मी उत्तर द्यायचं सोडून दिलं. नव्या कॉम्प्युटरला तो रुंद पोर्टच नसतो. आमचं जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर उघडतही नाही. नवी सॉफ्टवेअरं आहेत, फुकटसुद्धा आहेत, पण ती आमच्या ठोक्याला ओळखत नाहीत. मुंबईला ब्रेल छापून देणारे आहेत, त्यांनाही ताईने फोन केला. ते म्हणाले, ही पोथी आमच्याकडे तयार नाही, रांगेत नंबर लावा, दिवाळीनंतर बघू. म्हणजे जे करायचं ते याच कॉम्प्युटरवर, याच ठोक्यावर, आणि पावसाळ्यात.

आधी सोपा उपाय केला. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला तो रुंद पोर्ट, अशी वायर मिळते. ती लावली. ठोक्याने एकदा कागद आत ओढला, घसा खाकरल्यासारखा आवाज केला, आणि गप्प बसला. आमचं सॉफ्टवेअर जुन्या वळणाचं. त्याला फक्त कॉम्प्युटरचा पहिल्या नंबरचा पोर्ट ठाऊक. यूएसबी वगैरे त्याच्या जन्मानंतरच्या गोष्टी, त्या त्याच्या गावीही नाहीत.

मग मी एसटी स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. हा भला माणूस, पण प्रत्येक जुन्या वस्तूकडे अंत्यदर्शनाला आल्यासारखा बघतो.

"मॅडम, हे म्युझियमला द्या."

"म्युझियमला नंतर देऊ. आधी पोर्टाचं कार्ड मिळतं का ते सांगा."

मिळत होतं. कॉम्प्युटरच्या आत मधल्या मोठ्या पाटीवर उभ्या खाचा असतात, स्लॉट म्हणतात. जे अंगचं नाही ते कार्डाच्या रूपाने तिथे बसवता येतं, म्हणजे नवा पोर्टसुद्धा. त्याच्या खणात असं एक कार्ड पडलेलं निघालं. हिरवी पट्टी, खालच्या कडेला सोनेरी दातांची ओळ, मागे आमचा तो रुंद पोर्ट. मला इतका आनंद झाला की मी त्याला चहाबरोबर नारळाची वडीही दिली.

वर्कस्टेशनमध्ये मोकळे स्लॉट दिसत होते, लांबलचक. त्याने कार्ड त्यात दाबलं. बसेना. उलटं धरून बघितलं, सुलटं धरून बघितलं. कार्डाच्या दातांमध्ये एका बाजूला चीर होती आणि स्लॉटमधला आडवा दात भलत्याच बाजूला. त्याने पिशवीतून कानस काढली.

"इथे जरासं घासलं ना, की बरोब्बर बसेल."

"हात काढा!" मी ओरडले. इतक्या जोरात की आतल्या खोलीतून ताईने विचारलं, काय पडलं?

मला तेव्हा त्या चिरेचा अर्थ माहीत नव्हता. एवढंच वाटलं, बनवणाऱ्याने उगाच हौस म्हणून चीर पाडली नसणार. तो गेल्यावर मी त्या वर्कस्टेशनचं माहितीपत्रक इंटरनेटवर शोधून काढलं आणि शब्द शब्द लावत वाचलं. ती चीर म्हणजे खूण होती. हे कार्ड पाच व्होल्टवर चालणारं, आणि ते लांबलचक स्लॉट तीन व्होल्टच्या जरा वरचे. चुकीच्या जागी चुकीचं कार्ड जाऊ नये म्हणून चीर एकीकडे आणि दात दुसरीकडे. घासून बसवलं असतं तर बसलंही असतं, आणि उरलेला कॉम्प्युटर वीज न पडताच गेला असता. दुसऱ्या दिवशी मी हे दुरुस्तीवाल्याला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हो का? मग बरं झालं तुम्ही ओरडलात."

माहितीपत्रकात आणखी एक गोष्ट होती. वर्कस्टेशनमध्ये पाच व्होल्टचा एक स्लॉट होता. एकच. तो मला दिसला नव्हता कारण त्याच्यावर स्क्रीनचं कार्ड पसरून बसलं होतं. ते कार्ड जाडजूड, पंख्यासकट, स्वतःचा एक स्लॉट घेऊन वर शेजाऱ्याच्याही अंगणात पाय सोडलेलं. त्याला उठवलं तरच आमच्या कार्डाला जागा. पण ते काढलं की माझ्या मोठ्या स्क्रीनचं काय? बारीक कार्ड लावलं तर स्क्रीन चालेल, पण अक्षरांच्या कडा पुसट होतील, चित्रं गचाळ दिसतील. पुढे गणपतीचं काम येणार होतं, अहवाल, आरत्यांची पुस्तकं.

"तुझ्या धंद्याचं नुकसान करून नको," ताई म्हणाली.

"पावतीपुस्तकावर गणपतीची सोंड जरा जाड दिसली तर वर्गणी कमी होत नाही," मी म्हटलं आणि बारीक कार्डाची ऑर्डर दिली. मला काकांना मोबाईल लावू द्यायचा नव्हता. हे मी मोठं मन वगैरे म्हणून सांगत नाही. राग आला होता, आणि माझ्या हातून बरीचशी कामं रागानेच होतात.

कार्ड कोल्हापूरहून यायचं होतं. घाटात दरड आली आणि कुरिअर पलीकडेच अडकलं. तेवढ्या दिवसांत मी उरलेली पोथी टाइप करून संपवली. तोवर पोर्टाचं कार्ड सांभाळून ठेवायला हवं. आमच्याकडे पावसात काय टिकतं? चपलांना बुरशी येते, पापड कापडासारखे होतात, मीठ पातेल्यातून ओतता येतं. मी घरातला सगळ्यात घट्ट झाकणाचा डबा शोधला. तो नेमका रिकामा होता. आषाढ सरत आला की श्रावणाच्या आत सुकी मासळी संपवायची म्हणून आम्ही डबे रिकामे करतो, त्यातला हा सोड्यांचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा डबा. पुसलेला होता. धुतला नव्हता, कारण या दिवसांत धुतलेला डबा वाळतच नाही. कार्ड कागदात गुंडाळून मी त्यात ठेवलं, झाकण लावलं आणि निर्धास्त झाले.

बारीक कार्ड आलं तेव्हा श्रावण दाराशी येऊन ठेपला होता. मी डबा उघडून दुकानात आणला. ताई खुर्चीत बसली होती. तिने मान वर केली.

"कुणी सोडे तळतंय?"

"नाही."

"मग तुझ्या हातात काय आहे?"

मी कागद उलगडला. सोनेरी दातांवर हिरवट कीट चढलं होतं. सोड्यांचं मीठ आणि पावसाची ओल, दोघांनी मिळून आपलं काम केलं होतं. मला रडावं की स्वतःच्या थोबाडीत मारावी कळेना. ताईने कार्ड हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि हसायलाच लागली. हसता हसता तिला ठसका लागला.

"काकांना सांगू नकोस हं," ती म्हणाली. "श्रावणातली पोथी, आणि सोड्यांच्या वासातून छापून येणार!"

हसणं ओसरल्यावर मला म्हणाली, खोडरबर दे. शाळेत वापरतात तो साधा खोडरबर. तिने एकेक दात घासायला घेतला. घासायची, बोटाच्या टोकाने चाचपायची, पुन्हा घासायची. मी बल्बखाली धरून म्हणायचे, झालं की साफ, आणि ती म्हणायची, "इथे अजून खरखर आहे." डोळ्यांना जिथे सोनं दिसत होतं तिथे तिच्या बोटाला कीट लागत होतं. शेवटी तिने स्पिरिटच्या बोळ्याने दोन्ही बाजू पुसल्या आणि कार्ड माझ्या हातात दिलं. स्क्रीनचं जाडजूड कार्ड काढून मी त्याच्या जागी बारीक लावलं, आणि मोकळ्या झालेल्या स्लॉटमध्ये या वेळी चीर आणि दात समोरासमोर आले, आणि जरा दाबल्याबरोबर कार्ड बसलं.

कॉम्प्युटर सुरू केला. नवीन कार्ड सापडलं, असं स्क्रीनवर आलं. पुसट आलं, पण आलं. मी ठोक्याची वायर नव्या पोर्टाला लावली, पहिला अध्याय उघडला, छापायची आज्ञा दिली.

काही नाही. पुन्हा दिली. ठोक्याचा दिवा जळतोय, कार्ड दिसतंय, वायर घट्ट आहे, आणि सगळे शुंभासारखे गप्प. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तेच. मी टेबलावर हात आपटला आणि त्या धुडाला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तेवढ्यात काका दारावरून जाताना डोकावले. "राहू दे गो. मी स्पीकरपण आणून ठेवलाय," म्हणाले आणि गेले. मी खुर्चीवर बसले आणि मला खरोखर रडू आलं. इतकं सगळं करून आपण हरणार असं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं.

ताईने मला रडू दिलं. मग म्हणाली, "कार्ड दिसतंय ना त्याला?"

"दिसतंय."

"कितवा पोर्ट म्हणतंय?"

मी यादी उघडली. "तिसरा."

"आणि आपलं सॉफ्टवेअर कुठे पाठवतं?"

"पहिल्याला. त्याला दुसरं काही येतच नाही."

"मग पहिला कोण आहे?"

मी बघितलं. पहिल्या नंबरवर तो जळका पोर्ट होता. विजेने मेलेला, कोळसा झालेला, आणि यादीत मात्र ऐटीत, पहिल्या जागी. आम्ही पाठवलेला अध्याय इतका वेळ त्याच्याकडे जात होता.

"म्हणजे आपल्या वरच्या सड्यावरच्या जमिनीच्या तुकड्यासारखं झालं," ताई म्हणाली. "सातबाऱ्यावर अजून पणजोबाच. ते जाऊन जमाना झाला, पण त्यांचं नाव कमी केल्याशिवाय दुसऱ्याचं चढत नाही. आधी मेलेल्याचं नाव काढ. मग नव्याचं लाव."

कोकणात जन्मलेल्या माणसाला याहून सोपं करून कुणी सांगू शकत नाही. मी कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. सुरू होता होता एक बटण दाबून धरलं की त्याच्या पोटातली मूळ यादी उघडते, विंडोजच्याही आधीची. तिथे जुन्या पोर्टापुढे 'चालू' असं होतं. मी ते 'बंद' केलं. मग विंडोजमध्ये येऊन नव्या पोर्टाच्या नंबरावर गेले. तिसरा होता, तिथे पहिला निवडला. एवढंच. ज्यासाठी मी टेबलावर हात आपटला होता ते काम इतकंच होतं.

ठोक्याने कागद ओढला आणि धडधड सुरू केली. भिंतीवरचं कॅलेंडर हललं. ताई उठून चाचपत त्याच्याजवळ गेली आणि कागद पुरता बाहेर येण्याआधीच तिने वरच्या ओळीवर बोटं ठेवली. तिचे ओठ हलले. सुरुवातीचं नमन होतं ते, बाबा रोज म्हणायचे ते. जन्मभर कानाने घेतलेली ओळ पहिल्यांदाच तिच्या बोटांखाली आली होती. मी मशीनच्या आवाजाचा फायदा घेऊन पुन्हा एकदा रडून घेतलं, या वेळी आनंदाने.

पण पावसाने आम्हाला अजून सोडलं नव्हतं. ब्रेलचा कागद जाड असतो, तरी आमच्या हवेत तो सर्द होतो, आणि सर्द कागदावरचे ठिपके बोट फिरलं की बसतात. एकदा वाचलं तर ठीक, दोनदा वाचलं की सपाट. मी कपाटात बल्ब लावून कागद शेकत ठेवले, त्याने थोडं बरं झालं. सगळी पोथी एकदम छापून ठेवली असती तर श्रावण सरेपर्यंत तिचा लगदा झाला असता. म्हणून ठरवलं, रोजचा अध्याय रोज दुपारी ठोकायचा, आणि ताईने तो आधी वाचून बघायचा नाही. ठिपके संध्याकाळसाठी राखायचे.

"आणि तुझ्या टायपिंगमध्ये चूक असली तर?" तिने विचारलं.

"तर पाप माझं," मी म्हटलं.

श्रावण लागला. ताई पाटावर बसली, समोर चौरंगावर जाड कागदांची ती चळत. समई तिच्या डाव्या हाताला ठेवली, तिला नको होती तरी ठेवली. काका समोर भिंतीला टेकून बसले, मांडीवर बाबांची पोथी उघडून. ते ओळीवर बोट ठेवून ताईच्या मागोमाग जात होते. अध्याय झाला. एकही अडखळ नाही. बायकांनी ताईला हळदीकुंकू लावलं, वाटीत खोबरं दिलं. काका उठता उठता म्हणाले, "छान म्हटलंस."

म्हटलंस. वाचलंस म्हणाले नाहीत. आणि दारात मला हळूच म्हणाले, "बोटं फिरवते छान. पण म्हणते ते पाठच गो. मी काय ओळखत नाय?"

मी हे ताईला सांगणार नव्हते. पण तिचे कान! तिने ते माजघरातून ऐकलं होतं. जेवताना ती म्हणाली, "त्यांचं चुकतंय असंही नाही. मला पुढचा शब्द आधीच ठाऊक असतो. बोट तिथे पोचेपर्यंत तोंडाने म्हटलेला असतो. मी वाचते की म्हणते, ते माझं मलाच सांगता येत नाही." हे सांगताना तिचा घास हातातच राहिला होता. जिच्यासाठी मेलेला पोर्ट यादीतून काढला, ती अजून बाबांच्या आवाजामागेच चालत होती, आणि ते तिला आमच्या आधी कळलं होतं.

पुढचे अध्याय तसेच गेले. रोज दुपारी ठोक्या धडधडायचा, रोज संध्याकाळी काका बाबांच्या पोथीवर बोट ठेवून बसायचे, रोज म्हणायचे, छान म्हटलंस.

मग एका संध्याकाळी, अध्यायाच्या मधोमध, ताई थांबली.

आधी वाटलं श्वास घेतेय. पण ती बोट मागे घेऊन पुन्हा त्याच ओळीवरून फिरवत होती, सावकाश, ठिपके बसतील याची पर्वा न करता. वाती वळणारे हात थांबले. टायपिंगची चूक, पाप माझं.

"काय झालां गो?" काका म्हणाले. "विसरलंस?"

"नाही काका. इथे एक ओवी आहे. ही मी कधी ऐकलेली नाही."

"असं कसं होईल?" काकांनी बाबांच्या पोथीत बोट सरकवलं. "ही ओवी झाली, त्यापुढे ही. मध्ये काय नाय. टायपिंग करताना हिनेच काय तरी घातलंन."

मी उठून दुकानातून बाजारातली प्रत आणली. पान काढलं. ओवी होती. छापलेली, अगदी स्पष्ट. विशेष काही नव्हतं तिच्यात, गाई नदीवर पाण्याला आल्या एवढंच वर्णन. मी प्रत काकांपुढे धरली. त्यांनी ती बघितली, मग मांडीवरची बघितली. बाबांच्या पोथीचं ते पान खालच्या अंगाला आम्हा बहिणींच्या जन्माआधीच कधीतरी फाटलं होतं, आणि बाबांनी त्यावर पतंगाच्या कागदाची पट्टी खळीने चिकटवली होती. जुनी, पिवळी पडलेली पट्टी. आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांना ती पानाचाच भाग झालेली.

काकांनी ते पान उचलून समईच्या उजेडासमोर धरलं. पट्टीच्या आडून अक्षरं दिसली, फिकट, पण तीच.

बाबा वर्षानुवर्षं ती पट्टी ओलांडून पुढे गेले होते. त्यांच्या मागोमाग आम्ही सगळे. ताईसुद्धा, आजपर्यंत. आज मात्र ती तिथून पुढे गेली नव्हती, कारण तिच्या बोटांनी तिला थांबवलं होतं. पाठ म्हणणारं माणूस तिथे थांबलंच नसतं. हे काकांनाही समजलं असणार. मग त्यांनी बाबांची पोथी मिटली, कपाळाला लावली आणि बाजूला ठेवली. हात मोकळे करून मांडीवर ठेवले.

"वाच गो," ते म्हणाले. "मीपण पहिल्यांदाच ऐकतोय. सावकाश वाच."

ताईने बोट ओळीच्या सुरुवातीला नेलं आणि ती ओवी वाचली, अक्षर लावत, अडखळत, पहिलीतल्या मुलीसारखी.